पिशवी काढली, पण तपासली का?

ऑपरेशन थिएटरचे दार उघडते, सिस्टर बाहेर येते आणि हातातला स्टीलचा ट्रे नातेवाइकांपुढे धरते. "बघून घ्या, पिशवी काढली." नवरा मान फिरवतो, सासू पदर सावरून पुढे वाकते, कोणीतरी मोबाइलवर फोटो घेतो. काढलेले डोळ्यांनी पाहिले म्हणजे काम चोख झाले, असा सगळ्यांचा समज. ती पिशवी आता जाणार कुठे, हे सहसा कोणी विचारत नाही. नावाची चिठ्ठी लावलेल्या बरणीत, फॉर्मालिनमध्ये बुडून पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत, की दवाखान्याच्या कचऱ्यात?

स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कर्करोगाचा आढावा या ट्रेपासूनच घ्यायला हवा. कारण उसाच्या पट्ट्यात पिशवी काढण्याची जेवढी घाई होते, तेवढीच ती तपासण्याची हयगय होते.

या पट्ट्यातले निरवांगी हे इंदापूर तालुक्यातले, नीरेच्या बाजूचे गाव. नदी ओलांडली की माळशिरस तालुका आणि सोलापूर जिल्हा. अलीकडे-पलीकडे ऊस, कारखान्यांची धुराडी, आणि दिवाळीनंतर फडाशेजारी पडणाऱ्या तोडणी मजुरांच्या कोप्या. या मुलखात गावची बाई आणि टोळीबरोबर आलेली बाई दोघीही एकच वाक्य बोलतात : "अंगावरून जातंय, पण कामाचे दिवस आहेत." गावच्या बाईचा खाडा शेतात पडतो. टोळीतल्या बाईचा खाडा मुकादमाच्या वहीत पडतो आणि उचलीतून कापला जातो.

या खाड्याचे टोक किती लांब जाते, ते बीड जिल्ह्याने २०१९ मध्ये दाखवले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींत एक. देशभरात १५ ते ४९ या वयात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. कित्येकींना पांढरे जाणे, पोटात दुखणे, पाळीत जास्त जाणे अशा तक्रारींवर थेट ऑपरेशन सुचवले गेले होते, आणि सोबत भीती घातलेली : "नाहीतर कॅन्सर होईल." ज्या आजाराच्या नावाने पिशवी गेली, तो आजार आहे की नाही हे पाहण्याची साधी तपासणी मात्र कित्येकींची झाली नव्हती.

कॅन्सरची ही भीती उगाच नाही, म्हणून तर ती चालते. २०२२ च्या जागतिक अंदाजांप्रमाणे भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कर्करोग होतो आणि जवळपास ८० हजार जणी त्याने जातात. अंडाशयाचा सुमारे ४७ हजारांना होतो आणि ३३ हजारांचा जीव घेतो. गर्भाशयाच्या अस्तराचा १७ हजारांच्या आसपास. योनी आणि बाह्यांगाचे कर्करोग त्या मानाने कमी. नावे एका पंक्तीत घेतली जात असली, तरी या आजारांची चाल अगदी वेगळी. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग दहा-वीस वर्षे आधी खुणा देतो आणि त्या वेळात जवळजवळ पूर्ण टाळता येतो. अस्तराचा कर्करोग लवकर रक्त दाखवतो. अंडाशयाचा पोटात दडून वाढतो. "पिशवी काढून टाका म्हणजे विषय संपला" हे वाक्य या तिघांनाही लागू पडत नाही.

खुणा बायकांच्या शब्दांत सांगता येतात. पाळी सोडून मधेच रक्त जाणे. संबंधानंतर रक्ताचा डाग दिसणे. घाण वासाचे पाणी अंगावरून जाणे. कंबर आणि एका पायात सतत ठणका, पायाला सूज. शेवटच्या दोन खुणा दिसेपर्यंत आजार बहुधा पुढे गेलेला असतो. पहिल्या दोन सांगायला जीभ रेटत नाही. संबंधानंतरचे रक्त ही डॉक्टरसाठी फार मोलाची खूण, पण "कधी जातं?" या प्रश्नावर पन्नाशीची बाई सुनेसमोर काय उत्तर देणार? म्हणून तिला एकटीला, दार लावून विचारणे हा तपासणीचाच भाग आहे.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेला एक डागसुद्धा तपासायलाच हवा. खेड्यात "पाळी परत आली" म्हणून त्याकडे कानाडोळा होतो, कधी अंगात ताकद आहे असाही अर्थ लावला जातो. पाळी गेल्यावर रक्त गेलेल्या दहा जणींत साधारण एकीला अस्तराचा कर्करोग निघतो. उरलेल्या नऊ जणींना तो नसतो, म्हणून घाबरून जाऊ नये. पण ती दहावी कोण, हे तपासल्याशिवाय कळत नाही. वजन जास्त, मधुमेह, मूल न झालेले, वर्षानुवर्षे अनियमित पाळी, अशा स्त्रियांत धोका वाढतो. वारीला निघताना किंवा घरच्या कार्याआधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेण्याची रीत या भागात मुरलेली आहे. चाळिशीनंतर ज्यांना मुळातच अवेळी जाते, त्या अशा गोळ्यांनी ते थोपवत राहिल्या की खरी खूण दबून जाते.

अंडाशयाची गोष्ट आणखी अवघड. पोट फुगल्यासारखे वाटणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात जडपणा, वारंवार लघवीला लागणे. यातली कुठली तक्रार ॲसिडिटी म्हणून खपणार नाही? एखाद-दुसऱ्या दिवसाचे पोट फुगणे वेगळे. चाळिशी-पन्नाशीत नव्याने सुरू झालेली आणि महिन्यातले बरेच दिवस टिकणारी तक्रार असेल, तर गोळ्यांची तिसरी पट्टी घेण्याआधी सोनोग्राफी व्हावी.

या विषयात जगाने ज्यांच्याकडून शिकावे अशी माणसे निरवांगीपासून फार लांब नाहीत. इंदापूरहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी करत गेले की बार्शी येते. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात टाटा मेमोरियल सेंटरच्या मदतीने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही या कामामागची ठळक नावे. शहरात नोंदणी म्हणजे हॉस्पिटलांचे कागद गोळा करणे. इथे कागदच नव्हते, कारण रुग्ण हॉस्पिटलपर्यंत पोचतच नव्हते. मग नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव हिंडू लागले. पारावर पुरुषांना, ओसरीवर बायकांना गोळा करायचे, लक्षणे समजावून सांगायची आणि विचारायचे : गावात कोणाला असे काही होते आहे का? जिला होत असेल तिच्या घरी जायचे, तिला तपासणीला येण्यासाठी राजी करायचे, आणि न आल्यास पुन्हा जायचे.

नुसत्या या बोलण्याने फरक पडला. काही वर्षांत बार्शीला येणाऱ्या गर्भाशयमुखाच्या रुग्णांत पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या बायकांचा वाटा वाढल्याचे डॉ. जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा त्या गावांत ना नवे यंत्र आले होते, ना नवे औषध.

याच मातीत पुढचा मोठा प्रयोग झाला. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गावांचे ५२ समूह पाडले गेले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. एका गटाची गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप म्हणजे पेशींची तपासणी, तिसऱ्याची ॲसेटिक ॲसिड लावून नजरेने तपासणी. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी आयुष्यात एकदाच. ज्यांच्यात दोष निघाला, त्यांच्यावर उपचार. मग आठ वर्षे वाट पाहणे.

२००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने निकाल छापला. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने गेल्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात पोचलेले रुग्ण एकीकडे ३९, दुसरीकडे ८२. पॅप आणि ॲसेटिक ॲसिडच्या गटांत मृत्यू ठोसपणे घटल्याचे दिसले नाही. एकाच चाचणीने मृत्यू निम्म्यावर येतात, हे मराठवाड्यातल्या शेतकरी-मजूर बायकांनी जगाला दाखवून दिले. पुढे अनेक देशांनी पॅप सोडून एचपीव्ही चाचणीकडे वळताना ज्या पुराव्यांचा आधार घेतला, त्यांत हा एक आहे.

मुंबईच्या वस्त्यांतल्या प्रयोगाने दुसरी बाजू दाखवली. टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर हे काम केले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावी शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. ॲसेटिक ॲसिडची तपासणी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. धाराशिवात जी पद्धत एका फेरीत तोकडी पडली, ती मुंबईत चार फेऱ्यांत उपयोगी ठरली. या प्रयोगांत तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही, यावर पुढे कडक टीका झाली आणि ती झटकून टाकण्याजोगी नाही. चौथ्या गटातल्या ६४ बायका हा नुसता आकडा नव्हे. त्यांनी दिलेल्या ज्ञानाचा उपयोग त्यांच्या लेकी-सुनांना व्हायला हवा होता, एवढी तरी परतफेड समाजाने करायची होती.

ती झाली का? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या दोनसुद्धा नव्हत्या : १.९ टक्के.

ही तपासणी प्रत्यक्षात काय असते? टेबलावर गुडघे दुमडून झोपायचे, कमरेवर चादर. नर्स आत एक साधन हलकेच उघडते, बॅटरीच्या उजेडात पिशवीचे तोंड दिसते, गुलाबी, मधोमध बारीक छिद्र. ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये, म्हणजे जवळपास व्हिनेगरमध्येच, बुडवलेला कापसाचा बोळा त्यावर टेकवायचा आणि एक मिनिट थांबायचे. थोडी चुणचुण होते. निरोगी भाग गुलाबीच राहतो. बिघडू लागलेला भाग दुधासारखा पांढरा होतो आणि त्याची कड स्पष्ट उमटते. असा डाग कर्करोगच असतो असे नाही. बहुतेक वेळा नसतो. कॉल्पोस्कोप या भिंगातून पाहून, गरज वाटल्यास तुकडा घेऊन, तेवढाच भाग गोठवून, तापवून किंवा तारेच्या कड्याने काढता येतो. बाई त्याच दिवशी घरी जाते. पिशवी जागेवरच राहते.

एचपीव्ही चाचणीत तर टेबलाचीही गरज उरलेली नाही. मऊ ब्रश बाईने स्वतः आत फिरवून नळीत ठेवायचा. जागतिक आरोग्य संघटनेने अशा स्व-नमुन्याला मान्यता दिली आहे. टीबीसाठी तालुक्यांपर्यंत गेलेल्या गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर एचपीव्हीही तपासता येतो. संकोच हा सगळ्यात मोठा अडसर असलेल्या मुलखात ही सोय आशाताईंच्या हातात पोचली, तर बराच मार्ग मोकळा होईल. चाचणीत विषाणू निघाला, की घरात नको ते प्रश्न उठतात. म्हणून आधीच सांगायला हवे, की हा विषाणू लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी होतो, बहुतेकांचा दोनेक वर्षांत आपोआप जातो, आणि तो निघणे हा कोणाच्या वागणुकीचा दाखला नाही.

लशीचा धागाही याच भागातून जातो. एचपीव्ही लशीच्या दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारा अभ्यास २००९ मध्ये भारतात सुरू झाला. बार्शी आणि पुणे ही त्यातली केंद्रे. आंध्र आणि गुजरातेतल्या दुसऱ्याच एका प्रकल्पात काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला आणि २०१० मध्ये या अभ्यासातले लसीकरणही थांबवावे लागले. कित्येक मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्या मुलींना सोडले नाही. दहा वर्षे पाठपुरावा करून २०२१ मध्ये त्यांनी दाखवले, की विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एक मात्राही जवळपास तेवढेच संरक्षण देते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय स्वीकारला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्वाव्हॅक' लशीला परवानगी मिळाली. ९ ते १४ हे तिचे सर्वोत्तम वय. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी करून घ्यायची आहे, कारण लस सगळ्या प्रकारांना अडवत नाही.

आता निदान. त्याचा कणा म्हणजे तुकडा. पिशवीच्या तोंडावर गाठ किंवा व्रण दिसला, तर तिथला तुकडा. पाळी गेल्यावर रक्त असेल, तर योनीमार्गातून सोनोग्राफी. अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल किंवा रक्त पुन्हा पुन्हा जात असेल, तर बारीक नळीने अस्तराचा नमुना, जो बाह्यरुग्ण विभागातही घेता येतो. तुकडा घेतला की कॅन्सर पसरतो, हा समज गावोगाव ऐकू येतो आणि तो महिने खातो. गर्भाशयमुखाच्या बाबतीत तो निखालस चुकीचा आहे. अंडाशयाच्या संशयित गाठीत मात्र सुई घालू नये, ती अखंड काढावी; या समजाला खरा आधार एवढाच.

इथे एक नेहमीचा चकवा आहे. बाईच्या पोटात पाणी, ओटीपोटात गाठ, रक्तात सीए-१२५ वाढलेले. कागद पाहणारा म्हणतो, अंडाशयाचा कॅन्सर, वेळ निघून गेली. आणि कधी कधी तो पोटाचा टीबी निघतो, जो गोळ्यांनी बरा होतो. टीबी आणि एंडोमेट्रिओसिसमध्येही सीए-१२५ वाढते. म्हणून तुकड्याच्या रिपोर्टशिवाय ना केमो सुरू व्हावी, ना आशा सोडावी. उलट, लक्षण नसलेल्या बायकांची सीए-१२५ आणि सोनोग्राफीने चाळणी करून उपयोग होतो का, हे ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांत तपासले गेले. २०२१ च्या निकालात मृत्यू घटलेले दिसले नाहीत. 'संपूर्ण तपासणी'च्या पॅकेजमध्ये ही रक्तचाचणी घालणे म्हणजे नसता घोर विकत देणे. घरात आई-बहिणीला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर बीआरसीए जनुकाची चौकशी मात्र जरूर करावी.

तुकडा न पाहता पिशवी काढण्याचे खरे नुकसान उपचारांच्या वेळी कळते. आत पिशवीच्या तोंडाचा कर्करोग असेल, तर साधी पिशवी काढून भागत नाही. अगदी सुरुवातीच्या, मोजून बारीक असलेल्या रोगाची गोष्ट वेगळी. एरवी आजूबाजूच्या ऊती आणि लसिकाग्रंथींसह मोठे ऑपरेशन लागते, आणि रोग त्यापुढे गेला असेल तर ऑपरेशन नव्हे, शेक हाच मुख्य उपचार. अर्धवट ऑपरेशन होऊन आलेल्या बाईला शेक द्यावाच लागतो. शिवाय आतून शेक देण्यासाठी जे गर्भाशय नळीला आधार देते, तेच गेलेले असते.

हा शेक, म्हणजे रेडिएशन, बाहेरून साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. सोबत आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिनची हलकी केमो. मग आतून, ब्रॅकीथेरपी. सगळे आठ आठवड्यांच्या आत संपले पाहिजे. भारतीय बायकांना या एकत्रित उपचाराचा फायदा होतो का, ही शंका टाटाच्या डॉक्टरांनी स्वतःच तपासली. पुढच्या टप्प्यातल्या ८५० रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल २०१८ मध्ये आला : केमोची जोड दिलेल्यांत पाच वर्षांनी ५४ टक्के हयात, नुसत्या शेकावर ४६. त्याच वर्षी टाटाच्याच दुसऱ्या अभ्यासाने दाखवले, की आधी केमो देऊन मग ऑपरेशन करण्यापेक्षा केमोसह शेक सरस ठरतो. ऑपरेशन म्हणजे मोठा उपचार आणि शेक म्हणजे शेवटचा, ही घराघरातली समजूत यापुढे टिकत नाही.

पण आठ आठवडे राहायचे कुठे? मुंबईत टाटाचे रुग्ण ज्या दारांवर टेकतात, त्यात दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा बराच खर्च भागतो. प्रवास, खाणे आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज भागत नाही. शेक मध्येच सुटतो तो बहुधा याच कारणाने. कोणाची उसाची लागण आलेली असते, कोणाचे पोर आजारी पडते, आणि "आठ दिवसांनी येतो" म्हणून गेलेली बाई महिन्याने परतते. त्या खंडात रोग पुन्हा डोके वर काढतो. बार्शीसारखे केंद्र जवळ असण्याची किंमत इथे कळते.

बाकीच्या आजारांचे थोडक्यात. अस्तराच्या कर्करोगात गर्भाशय, नळ्या आणि अंडाशये काढणे हा मुख्य उपचार. लवकर सापडल्यास बहुतेक जणी बऱ्या होतात. अंडाशयाच्या कर्करोगात ऑपरेशन आणि केमो दोन्ही लागतात, आणि दिसणारा रोग एकूण एक काढणारा प्रशिक्षित सर्जन मिळणे निर्णायक ठरते. बाह्यांगावरची महिनोन्‌महिने न जाणारी खाज किंवा न भरणारा व्रण मलमाखाली झाकून ठेवू नये. द्राक्षगर्भानंतर होणारा वारेचा कर्करोग मात्र रक्तातल्या एचसीजीवर लक्ष ठेवून औषधांनी जवळपास नेहमी बरा होतो, पुष्कळदा पिशवी राखून. द्राक्षगर्भ साफ केल्यावर "आता बरं वाटतंय" म्हणून तपासणी सोडणे, एवढाच त्यातला खरा धोका.

बरे झाल्यावरचे दुखणे कोणी सांगत नाही. शेकानंतर योनीमार्ग आखडतो, संबंध नकोसे होतात, शौचाला वारंवार जावे लागते. सुटणाऱ्या वासाच्या भीतीने बाई हळदी-कुंकवाला जात नाही. यावर उपाय आहेत, पण आधी ते बोलले गेले पाहिजे. जिथे बरे होणे शक्य नाही, तिथेही वेदना सोसण्याची सक्ती नाही. मॉर्फिनच्या गोळ्या आहेत, वासावर मेट्रोनिडाझोल आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे वेदनाशामक उपचार केंद्र आहे.

आणि ज्या बायकांच्या पिशव्या या उसाच्या पट्ट्यात आधीच काढल्या गेल्या आहेत, त्यांचे काय? घरातल्या पत्र्याच्या पेटीत, रेशन कार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत, त्यांचे दवाखान्याचे कागद घडी करून ठेवलेले असतात. आशाताईने पुढच्या फेरीला ती पेटी उघडायला सांगावी. डिस्चार्ज कार्डामागे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट टाचलेला आहे का, ते पाहावे. पिशवीचे तोंड काढले की ठेवले, अंडाशये आहेत की नाहीत, हे वाचून बाईला सांगावे. तोंड शिल्लक असेल तर तिची तपासणी अजून बाकी आहे. रिपोर्टच नसेल, तर तिला बारामतीच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे, तेही गाळपाचा हंगाम सुरू व्हायच्या आत, कारण एकदा टोळी फडावर गेली की ती बाई पुढचे पाच महिने सापडत नाही.